श्वास तुटायची जागा

ललित काविळीने गेला आणि त्याच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्डवर त्याच्या जागी वाल्मिक बसू लागला. सुरतेच्या पर्वत पाटियातली ही खानदेशी पार्टी हळदी-लग्नांत वाजवायची. ललितची बायको चंचल तिथली मुख्य गायिका. नवऱ्यामागे ती आता घरी बसेल असंच सगळे धरून चालले होते, पण सासूनेच, सुंदराबाईने, तिला परत उभं केलं. "गानं सोडं तं मरी जाशी तू," म्हातारी म्हणाली.

ललितने हौसेने मुंबईहून मिडी फूट कंट्रोलर आणला होता. पायाने दाबायच्या बटणांची ती काळी लोखंडी फळी. एक बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की व्हायोलिनं; हात सुरांवरून उचलावे लागत नसत. शेजारी एक्स्प्रेशन पेडल. पंजा दाबला की आवाज फुगे, टाच दाबली की ओसरे. त्याला स्प्रिंग नव्हती. जिथे सोडाल तिथे ते थांबून राही.

भेस्तानच्या एका हळदीत ते थांबलं नाही.

चंचल अंतऱ्यात होती. वाल्मिकचा पाय पेडलवर नुसता टेकलेला. वरच्या सुराला तिचा आवाज चिरणार, तोच पेडल त्याच्या पायाखालून पुढे झुकलं. व्हायोलिनं भरून आली आणि त्यांच्या आड तिचा श्वास तुटला, पुन्हा सांधला गेला. कुणाला काही कळलं नाही. वाल्मिकने दचकून पाय उचलला. पेडल क्षणभर तसंच राहिलं, मग आपलं आपण मागे आलं.

मेकॅनिकने ते उघडून पाहिलं. आत काहीच बिघडलेलं नव्हतं. शेवटी एका दुपारी तालमीला वाल्मिकने विचारलंच, "वहिनी, त्या अंतऱ्यात तुमचा दम तुटतो का?"

चंचलचा चेहरा उतरला. तिचं लहानपण लूमच्या, यंत्रमागाच्या खोलीत गेलं होतं. रुईची भुकटी छातीत बसली ती बसलीच. "हे फक्त त्यांना माहीत होतं. तुला कुणी सांगितलं?"

वाल्मिकने पेडलकडे बोट केलं.

"पाय वर घे," ती म्हणाली.

तो स्टुलावर मांडी घालून वाजवू लागला. चंचल गायला लागली आणि मुखड्यातच, जिथे दम लागायचं काही कारण नव्हतं, तिथे मुद्दाम थांबली. पेडल तिथेच झुकलं.

वाल्मिकची बोटं सुरांवर गोठली. यंत्रात भरून ठेवलेली सवय असती तर ते जुन्या जागी हललं असतं. हे तिचं ऐकत होतं.

दारात तांदूळ निवडत बसलेली सुंदराबाई मान वर न करता म्हणाली, "तो आठेच शे. जोपावत तुले दम लागस, तोपावत तो जावाव नही."

माणूस गेल्यावरही इथेच, आपल्या धापेला बांधलेला असावा, याची चंचलला दया आली आणि भीतीही वाटली. दुसऱ्या दिवशी तिने वाल्मिकला निरोप धाडला: यापुढे पट्टी काळी पाचऐवजी खालची काळी चार.

पलसाण्याच्या लग्नात ती खालच्या पट्टीत गायली. दम पुरला. पेडल हललं नाही. पुढच्या कार्यक्रमांतही नाही.

"सुटले ललितभाऊ," वाल्मिक म्हणाला. पण गाणं संपलं की चंचलची नजर हटकून त्याच्या पायाखालच्या पेडलकडे जाई.

मग त्यांच्याच गल्लीतली हळद आली. मंडपात चढताना चंचल म्हणाली, "आज काळी पाच."

"वहिनी, दम पुरायचा नाही."

"माहीत आहे."

अंतरा आला, सूर वर चढला आणि तिचा श्वास तुटला. पेडल निपचित पडून होतं. ती तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली. ढोलकी एकटीच पुढे गेली. पुढच्या बाया कुजबुजल्या. सुंदराबाईने पदर तोंडाला लावला.

वाल्मिकने पाय टाकला आणि पेडल दाबलं. व्हायोलिनं आली, उशिरा, जरा जास्तच जोराने. हा पाय कुणाचा, ते चंचलला लगेच कळलं. तिने डोळे मिटून खोल श्वास घेतला. माइकमधून तो साऱ्या गल्लीला ऐकू गेला. मग तिने अंतरा धरला.