उजेडातली तूर

भुरीबाईनं तुरीचं एक झाड मुळासकट उपटलं आणि नवऱ्यापुढं आपटलं.

"पाहा आता! डोक्याच्या वर दोन हात गेली, अन् फूल एक नाई. वर्षभर भाकरीसंगं काय खाचं, काड्या?"

हिरासिंग खाली बसून मुळांची माती झाडू लागला. चूक त्याचीच होती. तांड्याला लागून लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो. पावसाळ्याआधी त्यांनी कुंपणाला उंच खांबांवर दिवे लावले, अन् निम्मा उजेड बाहेर शिवारात सांडला. लोडशेडिंगनं गांजलेला तांडा त्या उजेडावर असा खूष झाला, की कोणी वाटेवर पत्ते मांडले, कोणी खाटा आणल्या. हिरासिंगानं तर यंदाची सगळी तूर मुद्दाम कुंपणाच्या अंगाला पेरली. "डुकराईचं भेव नाई. जागल सरकार करते, आपून झोपू." कापूस बोंडअळीनं नेला होता, घरात डाळ शिजणार होती ती या तुरीवरच.

दिवाळी झाली. सारं शिवार तुरीच्या फुलांनी पिवळं झालं, कुंपणाजवळची तूर तेवढी हिरवीगार राहिली.

"रातच होत नाई तिले," भुरीबाई म्हणाली. "निजन कवा अन् फुलन कवा?"

ती डेपोच्या फाटकावर गेली. दिव्यांची तोंडं खाली करा म्हणाली. पहारेकऱ्यानं देशाच्या सुरक्षेचं नाव सांगून तिला परत धाडलं. देशापुढं तूर ती काय!

पुढच्या आठवड्यात खुद्द सुभेदारच दोन जवान घेऊन वावरात आला.

"ये जंगल किसने लगाया? दस आदमी छुप जाएँ तो ऊपर टॉवर से दिखेंगे नहीं. काटो इसको!"

हिरासिंगानं बायकोला मागं ओढलं. "चूप राह्य व," तो कुजबुजला. पण भुरीबाई पदर खोचून पुढं झाली.

"आमी पेरली साहेब, वाढवली तुमच्या लायटीनं. लपनारा दिसावा म्हनून उजेड केला, अन् उजेडानंच त्याले लपाले जागा करून देल्ली. खांबाईले टोप्या घाला. फुलंल, शेंगा धरंल, मंग मीच कापीन."

सुभेदारानं तुरीकडं पाहिलं, दिव्यांकडं पाहिलं. दुसऱ्याच्या मालकीचं उभं पीक कापायचं तर नागपूरच्या मोठ्या साहेबांपर्यंत विचारावं लागलं असतं. पत्रा मात्र गोदामात पडून होता. दोन दिवसांत दिव्यांवर पत्र्याच्या टोप्या चढल्या अन् उजेड कुंपणाच्या पायाशी पडू लागला. पहारेकरीही सुखावले. उजेड डोळ्यांत जायचा तेव्हा त्यांना बाहेरचं काहीच दिसत नसे, हे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तांडा मात्र भडकला. पत्त्यांचा म्होरक्या देवीलाल चारचौघांत ओरडला, "एका बाईच्या तुरीपायी अख्खा तांडा अंधारात गेला!" बायांनी भुरीबाईशी बोलणं टाकलं. विहिरीवर ती आली की घागरी उचलल्या जात. तिला ते फार लागलं. घरी येऊन ती चुलीपुढं रडली, अन् धूर झाला म्हणाली.

तूर फुलली, पण सगळ्यांच्या मागून. संक्रांतीनंतर लोकांची तूर कापून, बडवून घरात गेली, तेव्हा कुठं हिच्या शेंगांत दाणा भरू लागला. वावर नाल्याकाठचं, ओल धरून होतं, म्हणून निभावलं.

होळी आली. तांड्यात पाहुणे उतरले, अन् देवीलाल पिशवी घेऊन बांधावर येऊन उभा राहिला.

"याडी, माय व, जवाई आले. शेंगा उकडून मांगतेत. अख्ख्या शिवारात हिरवी शेंग तुह्याच वावरात हाय."

"तोड ना बापा. दिवस हाये तवरक तोड. मंग दिसनार नाई, म्या अंधार केला ना."

देवीलालनं मान खाली घालून पिशवी ठासून भरली. निघाला, अन् पुन्हा वळला.

"पुढच्या साली मी बी कुंपनापाशी पेरतो म्हंतो. त्या सायबाले सांगशीन का व? दिवाळीवरी टोप्या काढ म्हना, मंग घाल म्हना. उशिरा फुलंल, अन् होळीले बजारात हिरव्या शेंगा फकस्त आपल्याच."