टोल्यावरची मुनादी

"आधी शेकोटीजवळ धर, अंगात ऊब येऊ दे, मगच हात लाव." मला घडवणाऱ्या हिरालालने कोतवाल दुधरामला सांगितलेले हे बोल अजून माझ्या कानांत आहेत.

मित्रांनो, मी एक जुने डफडे आहे. देश स्वतंत्र झाला त्या साली चोरखमाऱ्याजवळच्या एका गावात माझा जन्म झाला. बकरीचे कातडे, लाकडी कडे, एवढाच माझा देह. पण देवाने दुधरामचा हात दिला आणि माझ्या जन्माचे सोने झाले. मी वाजले की हातातला घास ठेवून माणसे दाराशी येत.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चित्र. चिठ्ठी पेटीत टाकायची, अशी मुनादी, म्हणजे दवंडी, आम्ही दिली. रानाकडेच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, मात्र गोंडी बोलत. तिथला सेवकराम उभा होता. तो निवडून आला तर टोल्यावर विहीर होणार होती. उन्हाळ्यात बाया नाल्याची वाळू उकरून पाणी भरत.

सेवकरामला मत द्यायचे एवढेच त्या बायांना कळले होते; त्या न्हाऊन, उपाशीपोटी आल्या. पडद्याआड सेवकरामच्या पेटीवर त्यांनी हळद-तांदूळ वाहिले, वर चिठ्ठी ठेवली आणि हात जोडून परतल्या. आत पडले नाही ते मत मोजले गेले नाही. सेवकराम हरला.

दुसऱ्या दिवशी टोल्यावरची शामकला दुधरामच्या अंगणात आली. बाजारात लाकडे विकत असल्याने तिला आपली बोली येई.

"काऊन जी कोतवाल, आमची मतं कोठं गेली?"

"पेटीवर रायली, बाई. आत टाका लागत होती. मी ओरडू ओरडू सांगतलो ना!"

"तुमच्या बोलीत सांगतलं. आमच्या सासवांले डफडं तेवढं समजलं. लगीन हाये म्हणून नाचाले निघाल्या होत्या!"

दुधरामला हसू आले आणि डोळेही भरले. "पुढच्या खेपेले तुमच्या बोलीत सांगीन. वचन देतो. तू शिकव मले."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तो तिच्याकडून गोंडी शिकला. "तुमची गोंडी आयकून कोंबडे पळून रायले," ती म्हणे. तरी शिकवणे तिने सोडले नाही. त्या दोघांच्या मायेने मी आजही भरून आहे.

पुढे जीपवर भोंगा आला. मी खुंटीला गेले, उंदरांनी माझी कड कुरतडली. रुसवा धरला नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला कधीमधी पुसत जा, आणि कुणाला काही सांगायचे तर त्याच्या बोलीत सांगा. एवढेच मागणे.

आज पुन्हा निवडणूक जवळ आली आहे. सकाळी जीप चौकात बोलली आणि तिथूनच परतली. टोल्याची वाट बैलगाडीचीच. दुधरामने मला खुंटीवरून काढून धोतराच्या सोग्याने पुसले.

त्याची बायको रुख्मा म्हणाली, "भोंगा सांगून गेला न? कोणं बलावलं तुमाले? आता कायले जाता?"

"भोंग्यानं वचन नाही देल्लं वो. मी देल्लो."

तिने भाकर बांधून दिली. मला काखेत घेऊन, ओठातल्या ओठात गोंडी शब्द घोकत, दुधराम टोल्याच्या वाटेला लागला.