वगारीच्या गळ्यातला बिल्ला

विमा कंपनीत वीस वर्षं घासून बद्रीनाथला एक गोष्ट मात्र पक्की जमली होती, मेलेल्या जनावराकडे न गहिवरता बघणं. मोटरसायकल काढायची, फुलंब्री नाहीतर सिल्लोडचा रस्ता धरायचा, मेलेल्या म्हशीच्या कानात कंपनीचा पिवळा बिल्ला आहे ना ते पाहून फोटो घ्यायचा. बिल्ला नाही तर भरपाई नाही. लोक शिव्या घालत, भरपाई मंजूर झाली की साहेब घालत. कधी कुणी आठवणीनं मक्याची कणसं ऑफिसात आणून दिली की दोन दिवस बरे जायचे. मग पुन्हा कंबर दुखायला लागायची.

आज फुलंब्रीपुढच्या वस्तीवर बानाबाईची म्हैस मेली होती. एकट्या म्हातारीची एकुलती एक म्हैस. बद्रीनाथनं कान चाचपला. नुसतं भोक होतं.

"मावशी, बिल्ला कुठंय?"

बानाबाईनं दावणीकडं बोट केलं. तिथं म्हशीची लहानगी वगार उभी होती आणि तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यानं बिल्ला बांधला होता.

"म्हस काय वाचत नाय म्हणल्यावर काढला अन् लेकराला बांधला. तुम्हीच म्हणले व्हते, ह्यो हाय तवर घोर करू नका."

म्हणाला होता. विमा उतरवताना प्रत्येक गावात तो हेच म्हणायचा, लोक कागदावर पटकन अंगठा द्यायचे. बद्रीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजवर त्यानं बनावट फोटो काढला नव्हता. आज म्हणाला, "सोडा तो दोरा. म्हशीच्या कानात परत अडकवतो अन् फोटो घेतो. पैसे मिळतील, दुसरी म्हैस येईल."

"अन् हिला काय झालं तर?" म्हातारीनं वगारीला कवटाळलं.

"मावशी, प्लॅस्टिक आहे ते. त्यानं कुणी वाचत नाही. जनावर मेल्यावर पैसे मिळावेत म्हणून लावतो आम्ही."

बानाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "म्हंजी ती मरंल म्हणून लावला व्हता?"

बद्रीनाथनं वगारीच्या गळ्यातल्या दोऱ्याकडं हात नेला.

"नगं मला पैसे. हिच्या गळ्यातला सोडायचा नाय."

त्यानं खूप समजावलं. शेवटी रिकाम्या कानाचा फोटो घेतला आणि बिल्ला आढळला नाही असं लिहून टाकलं. गाडीला किक मारणार तोच म्हातारी मागून आली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"दादा, खरं सांगा. हिला तर काय व्हणार नाय ना?"

बद्रीनाथ लई थकला होता.

"घोर करू नका, मावशी," तो म्हणाला. "बिल्ला हाय ना."