मधल्या घरातला आठ

ताईंनी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांच्या हाताची सवय गेली नाही. दुकानदाराने लिहिलेली पावती असो की लग्नाची पत्रिका, हातात आली की आधी चूक शोधायची आणि मग वाचायचं. यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात त्या एकट्याच होत्या, म्हणजे धाकटा भाऊ त्यांच्याकडे येईपर्यंत.

भाऊ फरशी बसवणारा कारागीर. उंच, सडसडीत आणि कायम ताठ, म्हणून कामावरचे लोक त्याला ओळंबा म्हणायचे. पुढे पुढे ताईही तेच म्हणू लागल्या. तो आणि त्याचा जोडीदार मिस्त्री, अशी दोघांची जोडी वीस वर्षांची. मिस्त्री सिमेंटचा माल कालवणार, ओळंबा फरशी बसवणार. ओळंब्याने लग्न केलं नाही. का, हे कुणी विचारलं की त्याच्या आधी ताईच उत्तर द्यायच्या, "त्याला कामातून सवड कुठंय?" तो नुसता हसायचा.

बावन्नाव्या वर्षी एका अर्धवट जिन्यावर, हातात फरशी असतानाच, त्याला झटका आला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. तशी ती अगदी गेली नव्हती. डोक्यात शब्द होते, सगळं कळत होतं, पण शब्द ओठापर्यंत येता येता अडकायचा. एकेक अक्षर ओढून काढावं लागायचं. ताईंनी त्याला दवाखान्यातून थेट आपल्या घरी आणलं, मागची खोली रिकामी केली, आणि सगळं आपल्या अंगावर घेतलं.

दर गुरुवारी त्याला बोलायला शिकवणारी एक थेरपिस्ट यायची. वयाने तरुण, पण कामात पक्की. तिने पहिल्याच दिवशी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, एकच पथ्य आहे. ते बोलायला लागले की मनात वीसपर्यंत आकडे मोजा. मध्ये बोलू नका. पहिलं वर्ष फार महत्त्वाचं असतं."

"वीसपर्यंत? अगं, तोवर चहा गार होईल."

"होऊ द्या."

ताईंनी मान डोलावली. पण तो "पा..." म्हणाला की त्यांच्या हातात पाण्याचा पेला तयार. "खि..." म्हणाला की खिडकी उघडलेली. शेजारची बाई त्याची चौकशी करायला आली, तर त्याच्या आधी ताईच सांगायच्या, "बरा आहे, झोप लागते, भूक मात्र कमी आहे." तो समोरच बसलेला असायचा. भाऊ तडफडतोय आणि आपण हाताची घडी घालून आकडे मोजतोय, हे काही त्यांच्याच्याने होईना. तिसऱ्या-चौथ्या आकड्यालाच त्यांचा धीर सुटायचा.

आकडे मात्र त्याला जमत होते. म्हणून थेरपिस्ट सुडोकू आणू लागली. आधी सोपे, मग अवघड. डाव्या हातात पेन्सिल धरून तो तासन्‌तास बसायचा. नवव्या महिन्यात तिने एक कागद आणला. त्यात एकही आकडा आधी भरलेला नव्हता. घरांचे लहानमोठे गट ठिपक्यांच्या रेषांनी वेढलेले, आणि प्रत्येक गटाच्या कोपऱ्यात त्या घरांची बेरीज.

"हे जड आहे," ती ओळंब्याला म्हणाली. "महिना लागला तरी चालेल. चुकलं तरी चालेल." आणि ताईंकडे वळून, "पण त्यांचं त्यांना करू द्यायचं हं, मॅडम."

"मी कशाला हात लावतेय?" ताई म्हणाल्या.

पहिले चार दिवस त्यांनी खरंच हात लावला नाही. जाता-येता नजर टाकायच्या, तेवढंच. चौथ्या दिवशी त्याने उजवीकडच्या खालच्या तीन-बाय-तीनच्या चौकोनात एका घरात नऊ लिहिला. ताईंनी पाहिलं. त्या चौकोनातली आठ घरं चार गटांत संपत होती आणि त्यांची बेरीज छत्तीस होत होती. उरलेलं एक घर बाहेरच्या गटाला जोडलेलं. एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस, म्हणजे त्या घरात नऊच. "शाब्बास!" त्या म्हणाल्या. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग चढला.

पाचव्या दिवशी दुपारी त्या त्याचे कपडे घेऊन खोलीत आल्या, तर कागदाच्या बरोबर मधल्या घरात त्याने आठ लिहिला होता, आणि त्याच्याकडेच बघत तो खुशीत बसला होता.

मधलं घर आणि त्याच्या डावीकडचं घर मिळून एक गट होता. बेरीज सतरा. ताईंना क्षणही लागला नाही. सतरा म्हणजे आठ आणि नऊ. पण कुठला इकडे आणि कुठला तिकडे, हे ठरवायला उभ्या-आडव्या ओळींत काहीच आधार नव्हता.

"हा अंदाजपंचे टाकलास," त्या म्हणाल्या. "आठ इथे कशावरून? नऊ का नाही? तुक्का मारलास की पुढचं सगळं कोसळतं." आणि बोलता बोलता त्यांनी खोडरबर उचललं आणि तो आठ पुसून टाकला. कुणा विद्यार्थ्याची वही असावी तसा.

त्याने त्यांचा हात धरला. "ति..." तो म्हणाला. "ति..."

"तीन? अरे, तीन कसा येईल? बेरीज सतरा आहे!"

त्याने जोरजोरात मान हलवली. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. "ति... ति..."

"नाही रे, तीन नाहीच येत. तीन आणि चौदा? चौदा असतो का सुडोकूत?" ताई हसल्या. त्याला वाईट वाटू नये म्हणूनच हसल्या होत्या, पण ते हसणं त्याला कसं लागलं असेल, याचा विचार त्यांनी फार उशिरा केला. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

त्यानंतर त्याने पेन्सिल उचलली नाही. बोलण्याचा प्रयत्नही सोडला. पाणी हवं असलं की पेल्याकडे बोट. गुरुवारी थेरपिस्टसमोरही तोंड मिटूनच. तीन आठवड्यांनी मिस्त्री भेटायला आले. त्यांनी आता फरशीचं छोटंसं दुकान टाकलं होतं, दुसऱ्या गावात, बसने दोन तासांवर. "ताई, आठ दिवस घेऊन जातो याला," ते म्हणाले. "हवापालट होईल." ताई उत्तर द्यायच्या आधी ओळंबा उठून चपला शोधू लागला होता.

आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचा महिना झाला. मिस्त्रींचा फोन आला, "राहू द्या ताई अजून थोडे दिवस. त्याला बरं वाटतंय इथं. माझी बायको करते त्याचं सगळं." ताईंनी थेरपिस्टला तिकडचा पत्ता दिला. तिची एक मैत्रीण त्या बाजूला हेच काम करायची, ती जाऊ लागली.

घर एकाएकी मोठं झालं. मागची खोली आवरताना ताईंना तो कागद सापडला. वाया कशाला घालवायचा, आपण पुरा करू आणि त्याला दाखवू, म्हणजे पुन्हा गोडी लागेल, असं मनाशी म्हणत त्या बसल्या. आठ दिवस बसल्या. पुढे सरकेना. जिथे जावं तिथे दोन वाटा फुटायच्या, आणि दोन्ही सारख्याच खऱ्या वाटायच्या. शेवटी त्यांनी थेरपिस्टला फोन लावला.

"तुझं ते कोडं चुकलंय. त्याला एक उत्तरच नाही. मी तेहतीस वर्षं गणित शिकवलंय, मला कळतं."

"मॅडम, वरची सूचना वाचलीत का?"

"सूचना कसली? सुडोकू काय मला माहीत नाही?"

"त्यात कर्णसुद्धा आहेत. दोन्ही कर्णांवरही एक ते नऊ एकेकदाच यायला हवेत. करड्या रेघा दिसतात बघा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत."

करड्या रेघा ताईंनी पहिल्या दिवशीच पाहिल्या होत्या. झेरॉक्सच्या मशीनचा दोष, असं समजून सोडून दिल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला. वर, बारीक अक्षरांत, एक ओळ होती. त्यांनी मधल्या घरावर बोट ठेवलं आणि रेघेवरून तिरकं खाली नेलं. रेघ त्या नऊवरून जात होती. त्याने लिहिलेल्या, त्यांनी शाब्बास म्हटलेल्या नऊवरून. नऊ त्या कर्णावर आधीच होता. म्हणजे मधल्या घरात नऊ चालतच नव्हता. आठच. तुक्का नव्हता तो. खोलीचा काटकोन कर्ण मापून तपासत जन्मभर फरशा बसवणाऱ्याची नजर आधी तिरकीच जाणार, त्याला ती रेघ लगेच दिसली असणार.

आणि मग त्यांना "ति..." आठवलं.

तीन नव्हे. तिरकं.

ताईंनी फोन कधी ठेवला, त्यांना कळलं नाही. त्या दिवशी चूल पेटली नाही. ते चार वेळा म्हटलेलं "ति" त्यांच्या कानांतून जाईना. वीसपर्यंत आकडे. वीसच. एवढं मोजलं असतं तर त्याचा शब्द बाहेर आला असता. नऊ महिन्यांत त्याने असे किती शब्द सुरू केले असतील आणि आपण त्यांना भलतीच शेपटं लावली असतील! पाणी दिलं तेव्हा त्याला पाणीच हवं होतं, की पायात कळ आली होती, की पाऊस बघायचा होता? त्याने विरोध केला नाही, आणि आपल्याला वाटलं की आपल्याला सगळं कळतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मधल्या घरात आठ लिहिला आणि कोडं पुन्हा हातात घेतलं. आता ते हललं. मधलं घर दोन्ही कर्णांवर, म्हणून आठ दुसऱ्या कर्णावरही संपला. वर उजवीकडच्या कोपऱ्यात तीन घरांची बेरीज चोवीस, म्हणजे सात, आठ, नऊ. त्यांतली दोन घरं कर्णावर, एक बाहेर. आठ त्या बाहेरच्या घरातच. मग पुन्हा दोन दिवस काहीच सुचेना. एकदा खाली डावीकडे एकाच ओळीत दोन चार आले आणि अर्धा कागद पुसावा लागला. सहाव्या दुपारी शेवटचं घर भरलं. एरवी असं काही सुटलं की ताई स्वतःला चहा करून घ्यायच्या. त्या दिवशी त्या नुसत्याच बसून राहिल्या.

रविवारी कागद पर्समध्ये घालून त्या बसने गेल्या. जाताना त्यांनी मागच्या खोलीतली चादर बदलली होती. संध्याकाळी त्याला घेऊनच परतायचं ठरवलं होतं.

दुकान बाजाराच्या टोकाला होतं. बाहेर नमुन्याच्या फरशा भिंतीला टेकवलेल्या. ओळंबा स्टुलावर बसून डाव्या हाताने फरशा छटेप्रमाणे लावत होता. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं.

"कि... किती..." ओळंबा म्हणाला. गिऱ्हाईक थांबलं. मिस्त्री आतल्या बाजूला पोती मोजत होते, त्यांनी मानही वर केली नाही. "...फूट?"

"बारा बाय दहा," गिऱ्हाईक म्हणालं.

ताई दारातच थबकल्या. भावाच्या तोंडून इतक्या महिन्यांत प्रश्न त्यांनी ऐकलाच नव्हता. त्यांच्या घरात त्याच्यावर विचारायची वेळच आली नव्हती.

गिऱ्हाईक गेल्यावर त्या समोर बसल्या. कागद काढला, त्याच्या मांडीवर ठेवला. "तू तिरकं म्हणत होतास," त्या म्हणाल्या. "मी तीन ऐकलं. तुझा आठ बरोबर होता. मी सूचनाच वाचली नव्हती रे."

त्याने कागद पाहिला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मधल्या आठवर अंगठा फिरवला. मग हसला, जुनंच, उत्तर न देणारं हसणं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"चल घरी," ताई म्हणाल्या. "आता मी मध्ये बोलणार नाही. शप्पथ. खोली तयार ठेवलीय."

"म... मला..." तो म्हणाला.

ताईंच्या जिभेवर तीन वाक्यं येऊन उभी राहिली. मला कपडे घ्यायचेत. मला थोडा वेळ दे. मला यायचंय. त्यांनी ओठ मिटले आणि मोजायला लागल्या. अकरा, बारा. त्याचा घसा हलत होता. सतरा. आतून मिस्त्री बाहेर आले होते आणि दारात गप्प उभे होते. वीस झाले, एकवीस झाले.

"...इथं... बरंय."

ताईंनी होकारार्थी मान डोलावली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग मी येत जाईन."

"ये," तो म्हणाला. तो शब्द मात्र पटकन आला.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी ताई जातात. थेरपिस्टला त्यांनी एकदा सरळ विचारलं, "माझ्याकडचे नऊ महिने फुकट गेले का गं?" ती म्हणाली, "फुकट असं नाही म्हणता येणार, मॅडम." ती स्वभावाने भली आहे. पण पहिलं वर्ष महत्त्वाचं, हेही तीच म्हणाली होती, आणि ताईंना बारातून नऊ वजा करता येतात.

गेल्या खेपेला मिस्त्री हसत सांगत होते, "ताई, परवा तुमच्या भावाने कमाल केली. एका बाईंना सरळ म्हणाला, 'ही फरशी न्हाणीघराला घेऊ नका, घसराल.' अख्खं वाक्य! कुठेही न अडखळता! आम्ही सगळे बघतच राहिलो."

"परवा?" ताईंनी विचारलं.

"परवा म्हणजे, झाले की दोन महिने. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

ताई हसल्या, कौतुकानेच हसल्या. मग ओळंब्याकडे वळून म्हणाल्या, "मला म्हणून दाखव ना एकदा." तो लाजला. त्याने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात दुकानात कुणीतरी आलं, आणि तो हातातली फरशी खाली ठेवून तिकडे गेला.