मागच्या सीटवरची झुंबरबाई

परंदवडीच्या देवळासमोर अमावास्येला दीडेकशे माणूस जमलं होतं आणि सगळे एका पांढऱ्या मोटारीकडं बघत होते. आत कुणी नव्हतं. देवऋषी महिपतीबुवानं मागच्या डाव्या सीटवर तांब्यातलं गोमूत्र शिंपडलं, लिंबू कापलं आणि खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली.

"झुंबरबाई, आलीस का गं? आली असशील तर हाक दे!"

टिंग टिंग टिंग. चालकासमोरच्या पडद्यावर मागच्या सीटचं लाल चिन्ह लागलं. माणूस बसलंय, पट्टा लावलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. झुंबरबाईचे यजमान रखमाजीआबा रिकाम्या सीटपुढं हात जोडून उभे होते.

"काय म्हन्ती ती?" त्यांनी विचारलं.

"म्हन्ती, पोरानं उशीर केला म्हून मी गेले. त्येचं तोंड बगू नका."

तीन टिंगांमधून एवढी लांबलचक तक्रार ऐकणारा कान मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी रुपाली, याच गावची लेक. सोमाटणे फाट्यावर गाड्यांची वायरिंग दुरुस्त करते. चार महिन्यांपूर्वी, एका रविवारी, झुंबरमावशी लेकाबरोबर, निलेशबरोबर, लोणावळ्याला भाचीकडं गेली होती. तिथं तिच्या छातीत दुखायला लागलं. निलेश तिला घेऊन तळेगावच्या दवाखान्याकडं निघाला आणि फिरायला आलेल्यांच्या गाड्यांत अडकला. मावशी याच सीटवर गेली. रस्ता मोकळा असता तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. बुवानं मात्र ठामपणे सांगितलं आणि आबांनी पोराशी बोलणं टाकलं. निलेश उर्स्याला मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

आठवड्यापूर्वी तो माझ्याकडं आला. "रुपे, आईला घालवू नगंस. ती खरंच तसं म्हन्ती का, एवडंच बग."

"आवाज कधीपासून येतोय?"

"तेराव्याला घर शुद्ध केलं, तवा म्याच सीटवर तांब्याभर गोमूत्र वतलं. आई तितंच गेली ना. दुसऱ्या दिसापासून."

मला तेव्हाच कळलं. पण त्याच्या तोंडाकडं बघून सांगवेना.

आज मी पाना घेऊन पुढं झाले. "आबा, सीट उचलू का?"

बुवा ओरडला, "बाईमानसानं हात लावला तर कोप व्हईल!"

"माझ्यावर व्हऊ द्या."

आबांनी मान हलवली. मी सीट उचलली आणि सगळ्यांना दाखवलं. गादीत वजन ओळखणारी पट्टी असते, तिच्या दोन तारा खालच्या जोडात येतात. माणूस बसला की दोन्ही जुळतात आणि गाडी सूचना देते. इथं गोमूत्रातल्या क्षारांनी जोड हिरवा पडला होता. ओल लागली की कुणी न बसताच तारा जुळायच्या, सुकलं की बाई गप्प. म्हणून बुवा आधी शिंपडायचा आणि मग विचारायचा. जितका उतारा, तितकं भूत.

जोड घासून सुकवला. किल्ली फिरवली. आवाज नाही.

"तूच घालवलीस तिला!" बुवा म्हणाला. चारदोन माना डोलल्याही.

मग मी उजव्या सीटखालचा जोड सोडवला आणि त्यात साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले. टिंग टिंग टिंग. "आता हितं कोन बसलंय, बुवा? काय म्हन्तंय?"

एरवी गाव हसलं असतं. आज कुणी हसलं नाही. बुवा लिंबं गोळा करायला लागला, आणि पुन्हा बघितलं तेव्हा तो तिथं नव्हता.

आबांनी हळूच विचारलं, "म्हंजी ती नव्हतीच? चार म्हैनं म्या तिच्याशी बोलत व्हतो गं."

"नव्हती, आबा."

हे दोन शब्द मला फार जड गेले. म्हाताऱ्याकडून मी त्याची बायको दुसऱ्यांदा काढून घेत होते.

मी दोन्ही जोड पुसून सीट बसवली. आबा डावीकडं जाऊन बसले. किल्ली फिरवली. टिंग टिंग टिंग. ते दचकले.

"आता गाडी खरं सांगतीय, आबा. तुमी बसलाय."

गर्दीमागून निलेश आला. त्यानं वाकून बापाला पट्टा लावला. आवाज थांबला. आबांनी त्याचा हात धरून ठेवला.

"लय तरास झाला का रं तिला?"

"झाला, आबा. गाड्या हलतच नव्हत्या."

"काय बोल्ली?"

निलेश बापाशेजारी टेकला. "इचारत व्हती, आबांनी जेवान केलं असंल का."

आबा लहान पोरासारखे रडले. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

चार महिने हे उत्तर पोराजवळ होतं आणि बाप ते रिकाम्या सीटला विचारत होता. बाबांनो, गाडी बोलायला लागली तर सीट उचलून जोड बघा. आणि गेलेल्या माणसाचं काही विचारायचं असेल, तर शेवटी जो त्याच्याजवळ होता, त्याला विचारा.