लाल दिव्यावरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हसू नका! तुमच्या खिशातल्या फोनमध्ये माझ्यासारखे शंभर मावतील, हे मला ठाऊक आहे. पण फोनला कामं छप्पन्न. मला जन्मभर एकच काम होतं, माणसाचं बोलणं ऐकायचं आणि जपून ठेवायचं. आणि खरं सांगतो, इतकी वर्षं ऐकूनही माझं नवल काही सरलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्याच्या लांबलचक खोलीत झाला. टेबलांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक टेबलाशी कुणीतरी डोळ्याला भिंग लावून बसलेलं. कुणी माझी मोटर बसवली, कुणी रबरी पट्टा चढवला, कुणी हँडल लावलं. सगळ्यांत शेवटी एक मुलगी मला तपासायला आली. तिनं माझ्यात कॅसेट घातली, लाल बटण दाबलं, "एक, दोन, तीन" म्हणाली आणि फटकन शिंकली. मग फीत मागं फिरवून तिनं ऐकली. तेच आकडे, तीच शिंक! ती खुदकन हसली, मी मात्र थक्क झालो. हवेत विरून गेलेली शिंक माझ्या पोटात शाबूत होती. बापरे, म्हटलं, हे काय आक्रीत!

मला विकत घेतलं आमच्या मॅडमनी. ज्यांचं बोलणं अडतं त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हा त्यांचा व्यवसाय. त्यांची खोली लहानशी होती. जाड पडदे, दोन खुर्च्या, एक आरसा आणि टेबलावर मी. अडखळत बोलणारी मुलं यायची, घसा बसलेले मास्तर यायचे. एक बस कंडक्टर यायचे. त्यांची जीभ नेमकी थांब्याच्या नावावर अडायची. "मॅडम, मी नाव पुरं करेपर्यंत बस पुढच्या थांब्याला पोचते," असं तेच हसत सांगायचे.

मॅडमची एक रीत होती. माझ्या बटणावर बोट ठेवण्याआधी त्या समोरच्याला विचारायच्या, "चालू करू?" अगदी रोज. म्हातारा असो नाहीतर चार वर्षांचं पोर. समोरून होकार आला की मगच माझा लाल दिवा लागायचा. उपचार संपले की कॅसेट ज्याची त्याच्या हातात, नाहीतर त्याच्यादेखत पुसून टाकलेली. कंडक्टर एकदा वैतागून म्हणाले, "अहो, सारखं काय विचारता? मी काय नाही म्हणणार आहे?"

"म्हणालात तर?" मॅडम म्हणाल्या. "आवाज तुमचा आहे, माझा नाही."

मला आधी हा निव्वळ खुळेपणा वाटायचा. पण मी बघत होतो ना! "हो" म्हणताना प्रत्येक माणूस जरा ताठ बसायचा. आपल्याला कुणीतरी विचारलं, एवढ्यानंच त्याच्या आवाजात बळ यायचं. एका प्रश्नात एवढी ताकद असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

एके दिवशी एक काकू आल्या. लेकीनं त्यांना हाताला धरून आणलं होतं. काकू पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. मॅडम लेकीला म्हणाल्या, "यांचं बोलणं अडलंय, समज नाही अडलेली. शब्द आतच आहेत, त्यांना बाहेरची वाट सापडत नाहीये." मग त्या काकूंकडे वळल्या आणि विचारलं, "चालू करू?" काकूंनी मान हलवली. पण तोंड काही उघडेना. ओठ असे घट्ट मिटलेले, की जणू आत कुणी कडीच घातली आहे.

घरी सराव व्हावा म्हणून मॅडमनी मला काकूंकडे पाठवलं. माझ्या पोटात मॅडमच्या आवाजातले सोपे शब्द होते, पाणी, दार, ऊन. ते ऐकून काकूंनी मागोमाग म्हणायचे. पण कुणी समोर असलं की काकू गप्प. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. ती जाण्याआधी विनवायची, आल्यावर पुन्हा विनवायची. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात एका संध्याकाळी काकूंचा थोरला मुलगा आला. तो दुसऱ्या गावी राहायचा. खुर्चीत बसला आणि काकूंच्या समोरच म्हणाला, "हे बघ, आईला आता काही कळत नाही. तू दिवसभर कामावर. तिला एखाद्या संस्थेत ठेवू या. रविवारी मामाला घेऊन येतो, काय ते एकदाचं ठरवू."

"कळतं रे दादा तिला सगळं!"

"मग बोलत का नाही?"

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मित्रांनो, समोर बसलेल्या माणसाबद्दल तो तिथं नसल्यासारखं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझा जीव कसा कळवळला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी लेक दुपारी घरी आली तेव्हा काकूंची खोली बंद होती आणि आतून काहीतरी पुटपुट ऐकू येत होती. तिनं दार ढकललं आणि पुटपुट थांबली. तेव्हाच तिच्या डोक्यात एक कल्पना आली. पुढच्या सकाळी तिनं माझ्यात कोरी कॅसेट घातली, लाल दिव्यावर जखमेची चिकटपट्टी डकवली आणि मला काकूंच्या खोलीत घडी घातलेल्या ब्लँकेटखाली सरकवलं. बटण दाबलं आणि कामावर गेली. चालू करू का, असं कुणी कुणाला विचारलं नाही.

घडीच्या फटीतून मला दिसलं, काकू भिंत धरत उठल्या, दार लावून घेतलं. स्टुलावर एक जुना टेलिफोन होता. त्याची तार केव्हाच तुटलेली. त्यांनी डाव्या हातानं रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाल्या, "हॅलो."

अगदी स्वच्छ! जन्मभर म्हटलेला शब्द, त्याला आपली वाट आपोआप सापडली. त्यापुढे मात्र खडतर काम. "चि... चि..." काकू थांबल्या, श्वास घेतला. "हॅलो. चि... चि..." लेकीला लाडानं त्या चिमी म्हणायच्या, तेवढंच त्यांना हवं होतं. येईना. "मेली!" म्हणून आपल्याच जिभेवर खेकसल्या, मग हुंदके देऊन रडल्या, नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून, "हॅलो." मी अंधारात दडपून पडलो होतो आणि माझी फीत फिरत होती. मित्रांनो, डोंगर चढणारी माणसं असतात असं ऐकलंय. मी एक बाई दोन अक्षरं चढताना ऐकली.

संध्याकाळी लेकीनं ती फीत मोरीत बसून ऐकली आणि तोंडावर टॉवेल धरून रडली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती मॅडमकडे धावत गेली. "मॅडम, आई बोलते! रविवारी दादाला आणि मामाला हेच ऐकवते. बघू कोण म्हणतं तिला कळत नाही!"

मॅडमनी माझ्या दिव्यावरची चिकटपट्टी बघितली. "काकूंना विचारलंस?"

"तिला कुणासमोर बोलता कुठं येतं? हो की नाही ते कसं सांगणार?"

"बोलता येत नाही म्हणून विचारायचंच नाही?" मॅडम हळूच म्हणाल्या. "तूच सांगत होतीस ना, तुझी आई एक्स्चेंजमध्ये काय करायची ते?"

लेक खाली बघत म्हणाली, "फोन जोडून दिला की कानावरचा हेडफोन काढून ठेवायची. बाकीच्या चोरून ऐकायच्या आणि हसायच्या. आईनं कधी ऐकलं नाही. म्हणायची, त्यांचं ते बोलतायत, आपलं तिथं काय काम?" तिनं माझ्यावरची चिकटपट्टी नखानं सोलून काढली. "पण मॅडम, हे नाही ऐकवलं तर आई जाईल हो घरातून!"

"मी येते रविवारी," मॅडम म्हणाल्या.

रविवारी सगळे जमले. थोरला आला, मामा बिस्किटांची बशी मांडीवर घेऊन बसले. मी मधल्या टेबलावर. मॅडम काकूंच्या पायाशी खाली बसल्या आणि सगळं सरळ सांगून टाकलं. "काकू, लेकीनं तुम्हाला न विचारता तुमचं बोलणं यात भरून घेतलंय, तुम्ही खोलीत एकट्या असतानाचं. हे ऐकलं तर यांना पटेल की तुम्हाला सगळं कळतं. ऐकवू का?"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीची मान वर होईना.

"तिला काय विचारताय?" थोरला म्हणाला. "लावा आणि मोकळे व्हा."

मॅडम हलल्या नाहीत. त्या वाट बघत राहिल्या. मामांचं चघळणंसुद्धा थांबलं. काकूंचे ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डावी मूठ गुडघ्यावर वळली. आणि मग,

"नको."

खणखणीत! हजारो आवाज ऐकलेला मी, पण अंगातली स्प्रिंग न् स्प्रिंग थरारली. थोरल्याच्या हातातला कप तसाच राहिला. "काय म्हणाली?"

"नको म्हणाली!" मामा ओरडले. "तुलाच ऐकू येत नाही की काय रे?"

थोरला उठला, आईच्या पायाशी येऊन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. काकूंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की संस्थेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. लेक पुढं झाली. "आई, चुकलं माझं." काकूंनी डाव्या हातानं तिचा कान चांगला पिरगाळला आणि तोच हात तिच्या गालावर ठेवला.

मॅडमनी माझी बटणं काकूंना दाखवली. ती कॅसेट काकूंनी स्वतःच्या बोटानं बटण दाबून पुसली. ती पुसेपर्यंत कुणी हललं नाही. मग मायलेकी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं. आत काय झालं ते मला माहीत नाही. लेक बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा हसरा. कुणी काही विचारलं नाही.

काकूंचा तो "नको" माझ्याकडे नाही. माझं बटण तेव्हा बंद होतं. आज माझा पट्टा सैल झालाय, मी कपाटात पडून असतो आणि तो शब्द आठवून अजून चकित होतो.

मित्रांनो, तुमच्या फोनला तर झाकायला लाल दिवाही नसतो. तेव्हा कुणाचं बोलणं भरून घ्यायच्या आधी विचारा. माया असेल तर दोनदा विचारा, कारण मायेच्या माणसाला विचारायचं राहूनच जातं. आणि समोरून "नको" आलं तर रुसू नका. त्या एका शब्दाबरोबर आख्खं माणूस परत आलेलं मी पाहिलंय.