माले बी जानं शे

मी एक कप्पी. कुरकुरते आहे असं समजू नका, बोलते आहे.

माझा जन्म लोखंडाच्या भट्टीत झाला. तरुणपणी मी सचिन नावाच्या गावातल्या एका कारखान्यात कापडाच्या गाठी उचलायचे. पुढे तिथे विजेवर चालणारी लिफ्ट आली आणि मी भंगारात गेले. तिथून चिंधाने मला वजनावर विकत घेतलं आणि गोडादऱ्याच्या वस्तीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर टांगलं.

चिंधा लूमवर कामाला जातो. त्याची बायको धुरपदाबाई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते. साड्यांचे गठ्ठे टेम्पोतून खाली उतरतात, जिना अरुंद आहे, म्हणून गठ्ठे माझ्यावरून गच्चीवर येतात. नऊ वर्षं तिने दोर ओढला आणि मी फिरले. एकदा एक गठ्ठा दूधवाल्यावर पडला, पण ती चूक गाठीची होती, माझी नाही.

कप्पीच्या जन्माचं एक दुःख असतं. ती दिवसभर फिरते, पण कुठेच जात नाही.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत धुरपदाबाईला काम देणारे शेठ स्वतः आले. धाग्याच्या कंपनीने त्यांना परदेशातल्या एका बेटाच्या सहलीची दोन तिकिटं बक्षीस दिली होती. वर्षभरात जिची एकही साडी परत आली नाही, तिला ती द्यायचं शेठनी ठरवलं होतं.

"धुरपदाबेन, मने तो दादरो चढतां चक्कर आवे. तमे जाव," असं गुजरातीत म्हणून ते भिंत धरून जिना उतरले.

संध्याकाळी गच्चीवर बैठक बसली. चिंधाचा थोरला भाऊ विठ्ठल गल्लीपलीकडच्या समोरच्या घरात राहतो. तोही आला. धुरपदाबाईच्या मुलीने, उज्ज्वलाने, सहलीचं इंग्रजी पत्रक वाचलं.

"माय, तिथे जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून तारेला लटकून जायचं. कप्पीवर."

सगळ्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. मी लाजून थोडी फिरले.

"सोबत गाईड असणं जरूर आहे," उज्ज्वलाने पुढे वाचलं.

"कोणत्या इयत्तेची?" चिंधाने विचारलं.

"आण्णा, गाईड म्हणजे माणूस असतो."

"माणसाला कोण गाईड म्हणतं? माणसाला मास्तर म्हणतात."

"बेट भूगोलात येतं," विठ्ठल विचार करून म्हणाला. "नववीची भूगोलाची गाईड घेऊन टाक."

दुसऱ्याच दिवशी ती आली. कव्हरही घातलं गेलं. मग बेत आखणं सुरू झालं. बेटावर ऊन चांगलं असणार, म्हणून बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ नेऊन तिथेच वाळवायचं ठरलं. चारही बाजूंनी पाणी आहे म्हणजे नळाला दिवसभर पाणी असणार, म्हणून गोधड्याही धुवायला न्यायच्या ठरल्या.

शेवटी विठ्ठल म्हणाला, "आता कोण जाणार ते बोलू. तारेवर लटकणं बाईमाणसाचं काम नाही. मी आणि चिंधा जाऊ."

चिंधाने लगेच मान हलवली. धुरपदाबाई टिकल्या चिकटवत राहिली. त्या रात्री मात्र तिने एका साडीवर सगळ्या टिकल्या उलट्या चिकटवल्या. असं कधीच झालं नव्हतं.

रविवारी तालीम ठरली. आमच्या गच्चीपासून विठ्ठलच्या गच्चीपर्यंत जाड तार ताणली. त्यांची गच्ची आमच्यापेक्षा हातभर खाली आहे, म्हणून उतार आपोआप मिळाला. मला तारेवर चढवलं आणि माझ्याखाली बसायला कापडाची झोळी बांधली. खाली गल्लीभर गाद्या अंथरल्या, आणि त्यांच्या वर बायका एक साडी ताणून उभ्या राहिल्या.

विठ्ठल पहिला. तो कठड्यावर चढला, खाली पाहिलं आणि उतरला.

"आज या दिशेला जाणं चांगलं नाही."

"भाऊ, समोर तुमचंच घर आहे," खालून कोणीतरी ओरडलं.

मग चिंधा. "आधी जड वस्तू सोडून बघू," म्हणून त्याने गव्हाचं पोतं सोडलं. पोतं सुखरूप पोचलं. मला दोरीने मागे ओढून घेतलं. तेव्हा चिंधा म्हणाला, "पोत्याचं वेगळं असतं."

धुरपदाबाईने टिकल्यांचं ताट बाजूला ठेवलं. काष्टा घातला. झोळीत बसली.

"तू कुठे?" चिंधा म्हणाला.

"माले जानं शे," ती आपल्या अहिराणीत म्हणाली, आणि तिने पायाने कठडा लोटला.

मी सुटले! आयुष्यात पहिल्यांदा मी फिरलेही आणि पुढेही गेले. आणि मग, बरोबर गल्लीच्या मधोमध, माझा आस गंजामुळे अडकला. मी थांबले. मला लाज वाटली.

"गाईड उघडा!" विठ्ठल ओरडला.

चिंधाने वाचलं, "प्रश्न पहिला. बेट म्हणजे काय? चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला..."

धुरपदाबाई चारही बाजूंनी माणसांनी वेढलेली होती. जो तो तिला काहीतरी सांगत होता. तिने कोणाचंच ऐकलं नाही. वर माझ्याकडे पाहिलं, एक हात सोडला, स्वतःच्या भांगातलं खोबरेल बोटांवर घेतलं आणि माझ्या आसाला चोळलं. मला कोणी तेल लावलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

मी हळूच फिरले. पलीकडे विठ्ठलची बायको सुंदरा हात पुढे करून उभी होती. तिने जावेला कवेत धरून उतरवलं आणि पाणी दिलं.

पाणी पिऊन धुरपदाबाई आपल्या गच्चीवरच्या पुरुषांकडे बघत म्हणाली, "मी जाईन. दुसऱ्या तिकिटावर या आक्का येतील."

सुंदराने तिचा हात घट्ट धरला.

"दोघी?" विठ्ठल ओरडला. "मग आमच्या भाकरी कोण करील?"

"गाईडमध्ये बघा," धुरपदाबाई म्हणाली.

आता दोघींचे पासपोर्ट आले आहेत. उद्या निघायचं आहे. उज्ज्वलाने समजावलं, "माय, तिथे त्यांच्या चकचकीत कप्प्या असतात."

"असतील. पण ही माझ्या ओळखीची आहे. ही अडकली तर काय करायचं ते मला माहीत आहे. हिच्याशिवाय मी पाय सोडणार नाही."

म्हणून मी आता बॅगेत आहे. बिबड्यांच्या पिठाखाली, खोबरेलाच्या बाटलीशेजारी. गोडादऱ्यात मी एकच झाड पाहिलं, भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप. शेंडे कसे असतात ते मला ठाऊक नाही.

विमानतळावर बॅग तपासणाऱ्या साहेबांना माझी हात जोडून विनंती आहे. मी हत्यार नाही. मला बाजूला काढून ठेवलंत, तर एक बाई तिकडे बेटावर कठड्यावरच उभी राहील. पीठ ठेवून घ्या, गोधड्या ठेवून घ्या. पण साहेब, माले बी जानं शे.